पावसाचा ग्रिड डेटा पायथॉनने नकाशावर कसा काढायचा

२००५ सालच्या २६ जुलैचा पाऊस मुंबई विसरलेली नाही. सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तिथून दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्यात ७५ मिलिमीटरही झाला नाही. हा दिवस महाराष्ट्राच्या नकाशावर कसा दिसतो ते आपण भारतीय हवामान विभागाच्या डेटावरून स्वतः काढून बघू. डेटा मोफत आहे, सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि साधा लॅपटॉप पुरतो. पायथॉनमध्ये फंक्शन म्हणजे काय, लायब्ररी इम्पोर्ट कशी करतात, एवढं ठाऊक असलं की बाकीचं इथे कळेल.

लेखात फंक्शनांची नावं कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत लिहायची आणि नावात जोडरेघ असेल तिथे अंडरस्कोअर टाकायचा. आकडे आणि तारखाही अर्थातच इंग्रजी अंकांत.

आधी डेटाची ओळख

हवामान विभागाचं पुणे कार्यालय १९०१पासूनचा रोजचा पाऊस ग्रिडच्या रूपात देतं. अख्ख्या देशावर अक्षांश-रेखांशांची जाळी टाकली आहे. अक्षांश ६.५ ते ३८.५, रेखांश ६६.५ ते १००, आणि दोन बिंदूंमधलं अंतर ०.२५ अंश. म्हणजे उत्तर-दक्षिण १२९ ओळी आणि पूर्व-पश्चिम १३५ स्तंभ, एकूण १७,४१५ चौकटी. आपल्याकडच्या अक्षांशावर एक चौकट साधारण २८ किलोमीटर उंच आणि २६ किलोमीटर रुंद पडते.

प्रत्येक चौकटीत पर्जन्यमापक बसवलेला नाही, हे पहिल्यापासून डोक्यात पक्कं असू द्या. हा डेटासेट तयार करताना ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या, पण त्या सगळ्या केंद्रांची नोंद रोज उपलब्ध नसते. त्या-त्या दिवशी जेवढ्या नोंदी हाती असतात त्यांवरून प्रत्येक बिंदूची किंमत काढली जाते. जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी. म्हणून नकाशावर सांताक्रूझच्या चौकटीत ९४४ हा आकडा शोधू नका. कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन्ही केंद्रं जवळपास एकाच चौकटीत येतात, त्यामुळे तिथे दिसेल तो आजूबाजूच्या नोंदींचा मेळ घातलेला, बराच कमी आकडा. ग्रिड डेटा भूभागाचं चित्र देतो. एका केंद्रावरचा विक्रम बघायचा असेल तर केंद्राची मूळ नोंदच बघावी लागते.

सामानाची जुळवाजुळव

पाच लायब्ररी लागतील. आकड्यांसाठी नमपाय, अक्षांश-रेखांशांची लेबलं लावलेला डेटा हाताळायला एक्सअ‍ॅरे, चित्र काढायला मॅटप्लॉटलिब, नकाशासाठी कार्टोपाय आणि हवामान विभागाच्या फाईली उतरवून वाचायला आयएमडीलिब. पुढे जिल्ह्यांच्या सीमा काढायच्या तर जिओपांडाजही घ्या.

कार्टोपायच्या पोटात नकाशाशास्त्राच्या दुसऱ्या भाषांमधल्या लायब्ररी आहेत आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. मिनीफोर्ज (पायथॉन आणि लायब्ररी बसवायचं मोफत साधन) उतरवा, एक नवीन एन्व्हायर्नमेंट, म्हणजे या कामापुरता वेगळा कप्पा, तयार करा आणि कोंडा फोर्ज या लायब्ररींच्या भांडारातून सगळ्या लायब्ररी एकाच आज्ञेत बसवा. आयएमडीलिब तिथे सापडली नाही तर तेवढी एकटी पिप या पायथॉनच्या नेहमीच्या साधनाने टाका. लॅपटॉपवर काहीच बसवायचं नसेल तर गुगल कोलॅबवरही काम होतं.

शोधाशोध करताना बेसमॅप नावाच्या लायब्ररीवरचे बरेच जुने धडे समोर येतील. ते वाचायला हरकत नाही, पण शिकायला सुरुवात करत असाल तर कार्टोपायवरच करा.

फाईल उतरवा आणि आधी नुसती छापून बघा

आयएमडीलिबच्या गेट-डेटा फंक्शनला चार-पाच गोष्टी सांगायच्या: 'रेन', सुरुवातीचं वर्ष, शेवटचं वर्ष (आपल्यासाठी दोन्ही २००५), फाईली वर्षवार हव्यात हे, आणि त्या ठेवायच्या फोल्डरचा पत्ता. फाईल उतरली की गेट-एक्सअ‍ॅरे म्हणा. हातात एक डेटासेट येईल.

पुढे जाण्याआधी फाईलचा आकार तपासा. एका दिवसाच्या १७,४१५ चौकटी, दर चौकटीला ४ बाइट, म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट. ३६५ दिवसांचे २,५४,२५,९०० बाइट. लीप वर्ष असेल तर आणखी एक दिवस. आकडा तंतोतंत जुळला पाहिजे. कमी भरला तर फाईल अर्धवट उतरली आहे, ती काढून टाका आणि पुन्हा उतरवा. हीच फाईल आयएमडीलिबशिवायही वाचता येते. नमपायच्या फ्रॉमफाइलने ३२ बिटी दशांश संख्या म्हणून वाचायची आणि दिवस, अक्षांश, रेखांश या क्रमाने ३६५, १२९, १३५ असा आकार द्यायचा. एकदा करून बघाच. फाईलमध्ये आकड्यांच्या लांबलचक रांगेशिवाय काहीही नाही, आणि कोणता आकडा कुठल्या गावाचा हे त्या रांगेतल्या जागेवरून ठरतं, हे तेव्हा नीट समजतं.

आता डेटासेट प्रिंट करा. टाइम, लॅट, लॉन अशी तीन परिमाणं दिसतील आणि रेन हे चल. लॅट ६.५पासून चढत जातो की उलटा उतरतो, टाइममध्ये ३६५ दिवस आहेत का, हे डोळ्यांनी बघा. मग रेनची सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी किंमत काढा. लहान किंमत उणे ९९९ निघेल.

उणे ९९९चा बंदोबस्त

समुद्र, देशाबाहेरचा भाग, जिथे माहिती नाही अशा सगळ्या चौकटींत हवामान विभाग उणे ९९९ भरतो. संगणकाला ती खूण आहे हे माहीत नसतं. तसाच नकाशा काढलात तर रंगपट्टी उणे हजारापासून सुरू होते आणि अख्खा महाराष्ट्र एकाच रंगाचा दिसतो. सरासरी काढलीत तर आणखी वाईट, कारण ती चूक चित्रात पटकन दिसतही नाही.

उपाय एका ओळीचा आहे. व्हेअर या फंक्शनला सांगायचं की रेन शून्य किंवा त्याहून जास्त असेल तिथेच किंमत ठेव. उरलेल्या चौकटी रिकाम्या होतात, म्हणजे त्यांत 'नॅन' येतं. पुन्हा सगळ्यात लहान किंमत काढा, ती आता शून्य आली पाहिजे. तापमानाच्या ग्रिडमध्ये हीच खूण ९९.९ अशी आहे, तेव्हा पावसाची ओळ तिथे जशीच्या तशी चिकटवू नका.

दिवस कोणता

प्रलय २६ जुलैचा, म्हणून सेल फंक्शनला २६ जुलै ही तारीख देण्याचा मोह होईल. थांबा. हवामान विभाग पाऊस सकाळी साडेआठला मोजतो, आणि त्या नोंदीत आदल्या दिवशीच्या साडेआठपासूनचा पाऊस असतो. २६ तारखेला दुपारी आणि रात्री जे कोसळलं ते २७ जुलैच्या सकाळी मोजलं गेलं आणि २७ तारखेच्या खात्यात पडलं. म्हणून आपल्याला २००५-०७-२७ हवी. दोन्ही तारखा निवडून मुंबईजवळच्या चौकटीची किंमत छापा. अक्षांश १९, रेखांश ७२.७५, आणि मेथड म्हणून 'निअरेस्ट'. दोन आकड्यांतला फरक बघितला की हा नियम पुन्हा विसरत नाही. वर्तमानपत्रांची कात्रणं, उपग्रहाचा डेटा आणि हवामान विभागाचा डेटा शेजारी ठेवून अभ्यास करणाऱ्यांची सगळ्यात जास्त गफलत इथेच होते.

नकाशाचा कागद आणि डेटाची भाषा

कार्टोपायमध्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्या लागतात आणि नवीन माणूस त्यांची गल्लत करतो. पहिली गोष्ट प्रोजेक्शन, म्हणजे कागदावर नकाशा कसा पसरायचा आहे. ती अक्ष तयार करताना सांगायची. दुसरी ट्रान्सफॉर्म, म्हणजे माझा डेटा कोणत्या निर्देशांकांत आहे. ती चित्र काढणाऱ्या प्रत्येक फंक्शनला सांगायची.

आपला डेटा साध्या अक्षांश-रेखांशांत आहे, म्हणून ट्रान्सफॉर्म नेहमी प्लेटकॅरे. नकाशाचं प्रोजेक्शन मात्र तुमच्या मर्जीचं. महाराष्ट्रापुरतं प्लेटकॅरे चालतं. कन्याकुमारी ते काश्मीर काढायचं तर लॅम्बर्ट कॉन्फॉर्मल घ्या, देशाचा आकार ओळखीचा दिसतो. प्रोजेक्शन बदललं तरी ट्रान्सफॉर्म बदलत नाही, कारण डेटा तोच आहे. दोन्ही प्लेटकॅरे असताना ट्रान्सफॉर्म विसरलात तरी चित्र बरोबर येतं, आणि ज्या दिवशी प्रोजेक्शन बदलता त्या दिवशी सगळा पाऊस गायब होतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ट्रान्सफॉर्म लिहायची सवय लावा.

मग सेट-एक्स्टेंट वापरून खिडकी ठरवा: पश्चिम ७२, पूर्व ८१.५, दक्षिण १५, उत्तर २२.५. क्रम हाच. इथेही सीआरएस, म्हणजे निर्देशांकांची पद्धत, म्हणून प्लेटकॅरे सांगा.

चौकटी चौकटींसारख्याच दिसू द्या

आता प्रत्यक्ष पाऊस रंगवायचा. तीन रस्ते आहेत. आयएमशोला डेटा चित्रासारखा दिसतो, त्यात ओरिजिन सांगायचं राहिलं तर उत्तर खाली जाऊ शकते. कंटूरएफ सुंदर वळणदार पट्टे काढतं. पीकलरमेश प्रत्येक चौकट जशी आहे तशी रंगवतं.

माझं मत स्पष्ट आहे, पहिला नकाशा कायम पीकलरमेशने काढा. कंटूरएफ दोन बिंदूंमधली जागा स्वतःच्या अंदाजाने भरतं. आपल्या ग्रिडमध्ये आधीच केंद्रांवरून काढलेला अंदाज आहे, त्यावर हा दुसरा अंदाज चढतो. वाचणाऱ्याला वाटतं की पावसाची सीमा अमुक तालुक्यातून गेली, आणि तेवढं बारीक काही डेटात नसतंच. चौकटी ठळक दिसल्या की नकाशा आपली मर्यादा स्वतःच सांगतो. दहा दिवसांची सरासरी किंवा देशभरचं मोठं चित्र असेल तेव्हा कंटूरएफ जरूर वापरा.

पीकलरमेशमध्ये शेडिंग 'निअरेस्ट' ठेवा. डेटातले अक्षांश-रेखांश चौकटीच्या मध्याचे आहेत, कोपऱ्याचे नाहीत. ते कोपरे समजले गेले तर संपूर्ण नकाशा अर्ध्या चौकटीने, म्हणजे तेरा-चौदा किलोमीटरने सरकतो. कोकणच्या चिंचोळ्या पट्टीत एवढी सरक फार मोठी आहे. घाटमाथ्याचा पाऊस किनाऱ्यावर किंवा देशावर जाऊन बसतो.

रंगांची निवड

सलग रंगपट्टी या दिवसाला न्याय देत नाही. मुंबई-रायगडच्या चौकटी सगळे गडद रंग खाऊन टाकतात आणि उरलेला महाराष्ट्र फिका पडतो. त्यापेक्षा हवामान विभागाचे रोजच्या पावसाचे वर्ग घ्या. २.५ ते १५.५ मिलिमीटर हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. या वर्गांच्या सीमांची एक यादी करा: ०, २.५, १५.६, ६४.५, ११५.६, २०४.५. ती बाउंडरीनॉर्मला द्या आणि एक्स्टेंड 'मॅक्स' ठेवा, म्हणजे शेवटच्या सीमेपुढचा पाऊस रंगपट्टीच्या टोकदार बाणात जाईल. बाउंडरीनॉर्मची स्पेलिंग लिहिताना बी आणि एन कॅपिटल.

इंद्रधनुषी 'जेट' रंगमाला टाळा. तिच्यातला पिवळा आणि आकाशी पट्टा डोळ्याला उगाच टोचतो, डेटात उडी नसताना उडी दिसते, आणि लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या वाचकाला तो नकाशा निरुपयोगी ठरतो. पिवळ्यातून हिरव्याकडे आणि गडद निळ्याकडे जाणारी एकदिशा रंगमाला पावसाला छान शोभते. आणि अक्षाची पार्श्वभूमी सेट-फेसकलरने फिकट राखाडी करा. पाऊस नाही आणि माहिती नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच पांढरा रंग देऊ नका.

सीमा, आणि त्याबाबतची काळजी

कार्टोपायचा किनारा आणि देशांच्या सीमा नॅचरल अर्थ या मोफत डेटासेटमधून येतात. पहिल्यांदा चालवताना त्या इंटरनेटवरून उतरतात, म्हणून पहिला प्रयत्न जरा रेंगाळतो. महाराष्ट्राएवढ्या भागासाठी १० मीटर नावाची सगळ्यात बारीक आवृत्ती घ्या (तो आकडा १ : १ कोटी या प्रमाणाचा आहे, जमिनीवरच्या मीटरचा नाही). ११० मीटरच्या आवृत्तीत कोकण किनारा दोन-चार रेघांत आटोपतो.

अख्खा भारत काढताना मात्र त्या सीमा तशाच वापरू नका. नॅचरल अर्थची मूळ फाईल प्रत्यक्ष ताब्याप्रमाणे रेषा दाखवते, त्यामुळे जम्मू-काश्मीर आणि लडाखची रेषा भारताच्या अधिकृत नकाशाशी जुळत नाही. भारतात नकाशा प्रसिद्ध करायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीमाच घ्यायच्या, त्यांच्या संकेतस्थळावरून शेपफाईल, म्हणजे सीमारेषांची फाईल, मिळते. ती जिओपांडाजमध्ये उघडा, तिचं सीआरएस छापून बघा, ते अक्षांश-रेखांशांत नसेल तर टू-सीआरएस वापरून ४३२६ या क्रमांकाच्या पद्धतीत आणा आणि अ‍ॅड-जिऑमेट्रीजने रेषा काढा. आतला रंग 'नन' ठेवायला विसरू नका, नाहीतर जिल्हे पावसावर पसरतात आणि खालचं सगळं झाकलं जातं.

मराठी शीर्षक द्यायचं असेल तर

मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फाँटात देवनागरी नाही, म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन छापले जातात. नोटो सान्स देवनागरी फाँट बसवून तो निवडला की अक्षरं येतात, पण बहुतेक आवृत्त्यांमध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते. 'मिलिमीटर' वाचवत नाही. एमपीएलकैरो नावाची जोडलायब्ररी हे बरोबर छापते. ती बसवायची नसेल तर नकाशा शीर्षकाविना एसव्हीजीमध्ये जतन करा आणि मराठी मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. मोडकं मराठी छापण्यापेक्षा हे दहा मिनिटांचं काम केव्हाही चांगलं.

एका दिवसावरून अख्ख्या मोसमाकडे

एक दिवस जमला की जून ते सप्टेंबरची बेरीज करावीशी वाटतेच. महिने ६, ७, ८, ९ निवडायचे आणि टाइमवर सम चालवायचं. नकाशा बघाल तर अरबी समुद्रभर शून्य मिलिमीटर पाऊस. बेरीज करताना एक्सअ‍ॅरे रिकाम्या किंमती वगळतं, आणि सगळ्याच रिकाम्या असल्या की उत्तर शून्य देतं. समला मिन-काउंट १ असं सांगा, मग जिथे एकही नोंद नाही तिथे रिकामंच राहतं.

मोसमाचा नकाशा नीट आला की सह्याद्री आपोआप उभा राहतो. तो आला आहे का हे डोळ्यांवर सोडू नका, आकडे छापून बघा. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, फलटणला पाचशेच्या आसपास, आणि दोघांत पूर्व-पश्चिम जेमतेम तीन चौकटींचं अंतर आहे. अक्षांश १८, रेखांश ७३.५ ते ७४.५ अशी एक ओळ निवडून पाच आकडे शेजारी-शेजारी छापा. पश्चिमेकडून पूर्वेकडे ते झपाट्याने उतरताना दिसले पाहिजेत. उलटे दिसले तर रेखांशांत किंवा ओळी-स्तंभांत कुठेतरी अदलाबदल झाली आहे.

देशाची सरासरी काढायची असेल तर सगळ्या चौकटींना सारखं वजन देऊ नका. उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात, त्यामुळे ३६ अंशावरची चौकट ८ अंशावरच्या चौकटीपेक्षा सुमारे १८ टक्क्यांनी लहान असते. अक्षांशाच्या कोसाइनचं वजन देऊन वेटेड सरासरी काढा. १९७१ ते २०२० या काळाची जून-सप्टेंबरची सरासरी हवामान विभागाच्या हिशेबाने ८७ सेंटिमीटर आहे. तुमचा आकडा तिच्या आसपास आला तर आतापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या बरोबर पडल्या आहेत. ५० वर्षांच्या फाईली सव्वा जीबीच्या घरात जातात. जुन्या लॅपटॉपवर एकेक वर्ष उघडून बेरीज साठवत जा.

सरासरीपासूनचा फरक टक्क्यांत दाखवायचा असेल तर रंगमाला दोन दिशांची हवी, शून्याला फिकी, तुटीकडे तपकिरी आणि जादा पावसाकडे निळी-हिरवी. तिथेही विभागाचे वर्ग आहेत. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट, ६० टक्के किंवा त्याहून जास्त घट म्हणजे मोठी तूट.

दुसरा डेटा हाती घेताना

याच पद्धतीने युरोपीय केंद्राचा ईआरए-५ किंवा नासाचा आयमर्ग डेटाही काढता येतो, फक्त छापून बघण्याची पायरी तिथे अजिबात गाळू नका. ईआरए-५मध्ये अक्षांश ९०पासून उतरत जातात. तिथे १५ ते २२.५ असा स्लाइस मागितला की रिकामा डेटा येतो, २२.५ ते १५ असा मागावा लागतो. त्याचा पाऊस मीटरमध्ये आहे, म्हणून हजाराने गुणा. आयमर्गमध्ये रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतात, तिथे ट्रान्सपोज करा. दोन्हींची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. विभागाच्या साडेआठशी मेळ घालायचा तर तिकडचा दिवस पहाटे ३ वाजता सुरू झाला असं धरून बेरीज करा.

नकाशा जतन करताना सेव्हफिगमध्ये डीपीआय २०० पुरे आहे, आणि बीबॉक्स-इंचेस 'टाइट' ठेवला की कडेची पांढरी जागा जाते. रंगपट्टीवर 'मिलिमीटर' लिहा. खाली एका ओळीत डेटा कोणाचा, ग्रिड किती अंशांची आणि पाऊस कधीपासून कधीपर्यंतचा तेही लिहा. आपल्या नकाशाखाली येईल: 'भारतीय हवामान विभाग, ०.२५ अंश ग्रिड, २६ जुलै २००५ सकाळी ८.३० ते २७ जुलै सकाळी ८.३०'.